शहराचे पाणी, शिवाराची विहीर

गंगापूर धरणातून आलेले पाणी नाशिककराच्या घरात फार वेळ थांबत नाही. आंघोळ, धुणीभांडी, संडास, फरशी पुसणे झाले की ते मोरीतून बाहेर पडते. शहराला पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर येते, असा पाणीपुरवठ्याच्या शास्त्रातला ठोकताळा आहे. हे पाणी भुयारी गटारांतून तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर आणि पिंपळगाव खांब येथील मलनिस्सारण केंद्रांत पोहोचते. या केंद्रांची एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे ३९ कोटी लिटर आहे. प्रक्रिया झालेले पाणी गोदावरीत आणि तिच्या उपनद्यांत सोडले जाते.

पुढे हे पाणी ओढा, चांदोरी, सायखेडा अशी गावे ओलांडत नांदूरमध्यमेश्वरला येते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत, १९०७ ते १९११ या काळात बांधलेला हा बंधारा. त्याच्या दोन्ही बाजूंनी निघालेले गोदावरी कालवे निफाड, येवला, कोपरगाव, राहाता या तालुक्यांत जातात. आणखी एक जलदगती कालवा मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूरकडे जातो. नदीच्या पात्रातून, कालव्यांच्या मातीतून, चाऱ्यांतून आणि शेवटी शेताच्या सऱ्यांतून यातले काही पाणी जमिनीत मुरते. कालव्याकाठच्या विहिरींना उन्हाळ्यातही झरा राहतो, तो बऱ्याच अंशी या मुरलेल्या पाण्यामुळे. कालव्याला धरणाच्या पाण्याचे आवर्तन सुटले की चार-आठ दिवसांत विहिरीची पातळी वर येते, हे लाभक्षेत्रातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते.

आवर्तन चालू असते तेव्हा त्या पाण्यात धरणाचे ताजे पाणी भरपूर असते. आवर्तन बंद झाल्यावर, विशेषतः फाल्गुन-चैत्रात, शहराखालच्या नदीत जे वाहते त्यात मोठा वाटा शहरातून बाहेर पडलेल्या पाण्याचा असतो. म्हणजे सांडपाण्याने भूजल भरण्याचा प्रयोग नाशिकच्या खालच्या अंगाला केव्हाच सुरू झालेला आहे. त्याला कोणी मंजुरी दिली नाही, कोणी आराखडा केला नाही आणि त्याची मोजदादही कोणी नीट ठेवली नाही. हा प्रयोग करावा की नाही, हा प्रश्न आता मागे पडला आहे. तो डोळे उघडे ठेवून करायचा की आतापर्यंत झाला तसाच होऊ द्यायचा, एवढेच ठरवायचे आहे.

विहिरीच्या भिंतीवर लिहिलेले भूशास्त्र

जमिनीखाली पाणी कुठे राहते हे समजून घ्यायला निफाड-सिन्नरकडची एखादी न बांधलेली जुनी विहीर पुरेशी आहे. काठावर उभे राहून समोरची भिंत वरून खाली पाहत जावे. सर्वांत वर काळी माती, नदीकाठी ती चांगली जाड, डोंगराकडे वीतभर. तिच्याखाली पिवळसर, हाताने फुटणारा मुरूम. त्याच्याखाली बारीक भोकाभोकांचा, पांढऱ्या खनिजांच्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक. मग काळा कठीण पाषाण, त्यात उभ्या-आडव्या भेगा. कुठे कुठे दोन थरांच्या मधे विटकरी गेरूचा पट्टा. पाणी झिरपते ते मुरमाच्या तळातून, मांजऱ्यातून आणि पाषाणाच्या भेगांतून. अखंड पाषाण आणि गेरू पाण्याला वाट देत नाहीत, म्हणून गेरूच्या पट्ट्यावर आलेले पाणी आडवे सरकते आणि डोंगरउतारावर झरा होऊन बाहेर पडते.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे एकावर एक थर पसरून हा बेसाल्टचा प्रदेश तयार झाला. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग याच खडकाचा. गंगा-यमुनेच्या गाळात किंवा इस्रायलच्या किनारी वाळूत कणाकणांमध्ये पोकळी असते आणि पाणी त्या सगळ्या जाडीत साठते. आपल्या खडकात ते फक्त झिजलेल्या आणि भेगाळलेल्या भागात साठते. उपसता येण्याजोगे पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्के इतकेच भरते. एक घनमीटर खडक फोडला, तर त्यातून १० ते ३० लिटर पाणी हाती लागेल.

या एका आकड्याचा नियोजनावर मोठा परिणाम होतो. एक चौरस किलोमीटर शिवारात भूजलाची पातळी १० मीटर वर आणायची आणि साठवणक्षमता दोन टक्के धरायची, तर लागणारे पाणी २० कोटी लिटर. नाशिकच्या केंद्रांची पूर्ण क्षमता वापरात आली, तर एका दिवसाच्या पाण्यात जवळजवळ दोन चौरस किलोमीटरचे भूजल १० मीटरने वर येईल. ऐकायला हे फार आशादायक वाटते. याच गणिताची दुसरी बाजू अशी की आपला जलधर, म्हणजे पाणी धरणारा खडकाचा थर, लवकर भरतो आणि लवकर ओसंडतो. चांगल्या पावसाच्या वर्षी भाद्रपदात विहिरी काठोकाठ असतात. त्या वेळी जमिनीला कोणतेही पाणी दिले तरी ते ओढ्यातून निघून जाणार. जागा रिकामी होते ती माघानंतर. पावसाचे पाणी त्या वेळी नसते, धरणाचे पाणी राखून वापरायचे असते. शहराचे सांडपाणी मात्र मे महिन्यातही रोज तेवढेच येते. भूजल भरण्यासाठी सांडपाण्याचा विचार करण्याचे खरे कारण हेच आहे.

केंद्रात काय निघते आणि काय उरते

मलनिस्सारण केंद्रात पाणी आले की आधी जाळीवर प्लास्टिक, चिंध्या, केस अडतात. मग वाळू खाली बसते. नाशिकच्या अनेक केंद्रांत पुढचे काम हवाबंद टाक्यांतले जिवाणू करतात. पाणी तळातून वर चढत जाते, वाटेत गाळाचा जाड थर असतो, आणि त्या थरातले जिवाणू मैल्यातील सेंद्रिय पदार्थ खाऊन त्यांचा वायू करतात. त्यानंतर पाण्याला हवा दिली जाते, गाळ बसवला जातो आणि क्लोरीन घातले जाते.

या कामाचे मोजमाप बीओडी या आकड्याने होते. पाण्यातील घाण कुजवताना जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, याचा तो हिशेब. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे साधारण २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. स्नानायोग्य नदीसाठी तो तीनपेक्षा जास्त चालत नाही. जुनी केंद्रे प्रक्रियेनंतर ३० मिलिग्रॅम या मर्यादेसाठी बांधलेली होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये मर्यादा १० वर आणण्याचा आदेश दिला, त्यामुळे जुनी केंद्रे सुधारणे आता भाग आहे. नाशिकमध्ये २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे या कामाला निकडही आली आहे.

भूजलाच्या दृष्टीने बीओडी ही मात्र पहिलीच पायरी आहे. तो उतरल्यावरही पाण्यात चार गोष्टी उरतात.

पहिली, नत्र. मूत्रातील युरियाचा अमोनिया होतो, हवेशी संबंध आला की त्याचे नायट्रेट होते आणि नायट्रेट पाण्याबरोबर सहज खाली उतरते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक आहे. त्याहून खूप वाढले तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. रासायनिक खतांमुळे आपल्या बागायती पट्ट्यातल्या विहिरींत नायट्रेट आधीच येते, त्यात ही भर.

दुसरी, क्षार. जेवणातले मीठ, साबण, डिटर्जंट यांतून आलेले क्षार जिवाणू खात नाहीत. धरणातून आलेले गोडे पाणी शहरातून एकदा फिरून आले की त्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण वाढलेलेच असते. ते विहिरीत गेले, विहिरीतून शेतात गेले, शेतात बाष्पीभवन होऊन उरलेले पुन्हा विहिरीत उतरले, की दर फेरीला ते वाढत जाते. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. खारवट पाणी आणि पाण्याची टंचाई सोसावी म्हणून तर त्याने डॉगरिजच्या खुंटावर बागा उभ्या केल्या.

तिसरी, धातू. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत धातूंवर मुलामा चढवण्याचा व्यवसाय मोठा आहे. अशा कामातील क्रोमियम, निकेल, जस्त घरगुती सांडपाण्यात मिसळले तर जैविक प्रक्रिया ते नाहीसे करू शकत नाही. काही गाळात अडकते, काही पाण्यातून पुढे जाते. सहासंयुजी क्रोमियम हा त्यातला विषारी प्रकार, आणि तो भूजलातून दूरवर सरकू शकतो.

चौथी, औषधे. फिट येणाऱ्या रुग्णांना दिले जाणारे कार्बामाझेपाइन शरीरातून आणि प्रक्रिया केंद्रातून इतक्या चिवटपणे बाहेर येते, की जगभरचे शास्त्रज्ञ विहिरीत सांडपाणी पोहोचले का हे ओळखण्यासाठी तेच शोधतात. प्रतिजैविके आणि त्यांना दाद न देणारे जिवाणू हा त्याच यादीतला आणखी गंभीर विषय.

वाळूने केलेले काम

जमीन यातले किती गाळू शकते, ते इस्रायलमध्ये दिसते. तेल अवीव आणि आसपासच्या शहरांचे सांडपाणी शाफदान येथे शुद्ध होते. दक्षिणेकडच्या वाळूच्या टेकड्यांत उथळ तळी केलेली आहेत. १९७० च्या दशकापासून प्रक्रिया केलेले पाणी या तळ्यांत मुरवले जाते. पद्धत अगदी शिस्तीची आहे. तळे साधारण एक दिवस भरायचे आणि मग दोन-तीन दिवस कोरडे ठेवायचे. कोरड्या काळात वाळूत हवा शिरते आणि जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. पुन्हा पाणी भरले की हवा संपते आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्रेटमधला नत्र वायुरूपाने हवेत सोडतात. रोगजंतू वाळूच्या कणांना चिकटून मरतात. कित्येक महिने जमिनीत राहिलेले हे पाणी भोवतालच्या विहिरींतून उपसून १९८९ पासून नेगेवच्या वाळवंटातील शेतीला स्वतंत्र नळाने दिले जाते. त्या विहिरींच्या बाहेर ते पसरू नये, याची काळजी उपशाच्या नियोजनातूनच घेतलेली आहे.

कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीने दुसरी वाट धरली. समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत घुसत होते. ते थोपवण्यासाठी १९७६ पासून शुद्ध केलेले सांडपाणी किनाऱ्याजवळच्या विहिरींत सोडायला सुरुवात झाली. २००८ मध्ये तिथे मोठा प्रकल्प उभा राहिला. सूक्ष्म गाळणी, मग आरओ, मग अतिनील किरण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड अशा तीन पायऱ्या. आरओनंतर पाणी इतके क्षारहीन होते की जलवाहिन्या गंजू नयेत म्हणून त्यात चुना घालावा लागतो. २०२३ पासून त्याची क्षमता दिवसाला १३ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ४९ कोटी लिटर झाली आहे. नाशिकच्या सगळ्या केंद्रांहूनही ती जास्त. हे पाणी जमिनीत मुरते, इतर भूजलात मिसळते आणि पुढे पिण्यासाठी उपसले जाते.

मेक्सिको सिटीखालच्या मेस्कितालच्या खोऱ्याची कथा या दोन्हींहून वेगळी आणि आपल्याला अधिक जवळची. राजधानीचे सांडपाणी शंभराहून अधिक वर्षे तिथल्या शेतांत जात राहिले. दुष्काळी जमीन हिरवी झाली, भूजल वर आले, नवे झरे फुटले आणि लोक ते पाणी पिण्यासाठी वापरू लागले. जमिनीने बरीच घाण गाळली, सगळी गाळली नाही. कोणी न ठरवता घडलेले हे भूजलभरण आज एका मोठ्या लोकवस्तीचा आधार आहे आणि चिंताही.

कोलारचा धडा

नाशिकला वाळूच्या टेकड्या नाहीत. म्हणून आपल्यासाठी खरे उदाहरण कर्नाटकातील कोलारचे. तिथेही कठीण खडक, बारमाही नदी नाही आणि हजार फुटांच्या पलीकडे गेलेल्या बोअरवेल. बंगळूरच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातील केंद्रांचे प्रक्रिया केलेले पाणी उचलून कोलारच्या तलावांत सोडायला २०१८ च्या जूनमध्ये सुरुवात झाली. नियोजन दिवसाला ४४ कोटी लिटरचे आणि शंभराहून अधिक तलाव भरण्याचे. जुन्या राजवटींनी एकाखाली एक बांधलेल्या तलावांच्या साखळ्या तिथे आहेत, त्यामुळे पहिला तलाव भरला की पाणी उताराने पुढच्या तलावात जाते. तलावातून थेट पाणी उचलायचे नाही, जमिनीत मुरलेले पाणीच विहिरीतून किंवा बोअरमधून घ्यायचे, असा नियम आहे.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. वर्षानुवर्षे कोरड्या पडलेल्या बोअरना पाणी आले, तलावांभोवतीची शेती पुन्हा सुरू झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनीही भूजलपातळी वाढल्याची नोंद केली. दुसरीकडे, सुरुवातीच्या महिन्यांतच लक्ष्मीसागर तलावात फेस दिसला, प्रकरण न्यायालयात गेले आणि काही काळ पाणी थांबवावे लागले. दुसऱ्या टप्प्यापर्यंतच, म्हणजे जिवाणूंच्या प्रक्रियेपर्यंतच, शुद्ध केलेले पाणी पुरेसे आहे की तिसरा टप्पा हवा, हा वाद अजून चालू आहे. त्या वादात दोन्ही बाजूंना शेतकरी आहेत. पाणी आल्याने सावरलेले आहेत आणि उद्या विहिरीत काय उतरेल या काळजीने अस्वस्थ झालेलेही आहेत. दोघांचेही म्हणणे खरे आहे.

कोलारच्या आणि आपल्या जमिनीत एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. तिथे ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकावर झिजलेल्या मातकट थराची बऱ्यापैकी जाडी असते आणि तलावांच्या तळाशी शतकांचा गाळ असतो. पाणी या दोन चाळण्यांतून जाते. बेसाल्टमध्ये मुरूम पातळ असेल आणि खाली भेगाळलेला पाषाण असेल, तर पाणी भेगेतून काही तासांत खाली पोहोचते. भेग पाणी वाहून नेते, गाळत नाही. शाफदानच्या वाळूत कित्येक महिन्यांत जे घडते ते इथे घडायला वेळच मिळत नाही. म्हणून आपल्याकडे जमिनीवर शुद्धीकरणाचे ओझे कमीत कमी टाकले पाहिजे आणि केंद्रावर जास्तीत जास्त.

महाराष्ट्रातले अनुभव

पुण्याने मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले पाणी उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडायला सुरुवात केली. वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी हवेली-दौंडच्या शेतीला द्यायचे आणि खडकवासला धरणावरचा ताण कमी करायचा, ही कल्पना योग्यच होती. पण पुरेशी प्रक्रिया न झालेले पाणी कालव्यात येते आणि काठच्या विहिरी खराब होतात, अशा तक्रारी लाभक्षेत्रातून सातत्याने झाल्या. कालवा शेतीसाठी असला तरी तो भूजलालाही पाणी देतो, हे नियोजनात धरले नाही की असे होते.

नागपूरने प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले. यात भूजल वाढले नाही, पण वीज केंद्राला लागणारे तेवढे गोडे पाणी वाचले. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर तेच पाणी वापरावे, असे केंद्र सरकारचे २०१६ चे वीजदर धोरण सांगते. नाशिकच्या शेजारी एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र आहे. पाण्यात क्षार जास्त असतील, धातूंची शंका असेल, तर ते जमिनीत घालण्याऐवजी अशा कामाला देणे हाच शहाणपणा.

आणि सर्वांत लहान, पण सर्वांत पक्का प्रयोग नांदेड जिल्ह्यातला. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घराघरांत शोषखड्डे केले. न्हाणी आणि स्वयंपाकघराचे पाणी, संडासचे नव्हे, खड्ड्यातल्या दगडगोट्यांतून जमिनीत जाते. गटारे गेली, डास गेले, आणि ही पद्धत ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून इतर जिल्ह्यांत पोहोचली. यात मैला नाही, कारखाना नाही, पाणी थोडे आणि विखुरलेले. ज्या मातीला जेवढे झेपेल तेवढेच तिच्यावर टाकले आहे. म्हणून तो टिकला.

सिन्नरपर्यंत पाणी न्यायचे तर

नाशिक जिल्ह्यात पश्चिमेला त्र्यंबकेश्वर-इगतपुरीत दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगावमध्ये पाचशेच्या आसपास. सिन्नरच्या पूर्व भागात १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीवर बांधलेले पाझर तलाव जागोजाग आहेत. ते फेब्रुवारीनंतर कोरडे असतात. नाशिकचे शुद्ध केलेले पाणी यांतल्या काही तलावांत सोडता येईल का?

कागदावर हिशेब मांडू. रोज १० कोटी लिटर पाणी फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस सोडले, तर एकूण १,२०० कोटी लिटर होते, म्हणजे अर्ध्या टीएमसीपेक्षाही थोडे कमी. दोन टक्के साठवणीच्या हिशेबाने आणि बाष्पीभवन क्षणभर बाजूला ठेवून, हे पाणी ६० चौरस किलोमीटरमधली भूजलपातळी १० मीटरने उचलू शकते. काही गावांची पूर्ण शिवारे यात येतील. उचलण्याची उंची सुमारे १०० मीटर धरली, तर हजार लिटरला साधारण ०.४ युनिट वीज लागते, म्हणजे रोज ४० हजार युनिट. युनिटला सात रुपये धरले तर दहा हजार लिटरचा एक टँकर भरण्याइतक्या पाण्याला विजेचा खर्च २८ रुपये. जलवाहिनी आणि तिसऱ्या टप्प्याचे शुद्धीकरण यांचा खर्च वेगळा, तरी आकडे अशक्य कोटीतले नाहीत.

अवघड प्रश्न पैशापेक्षा हक्काचा आहे. आज हे पाणी नदीतून नांदूरमध्यमेश्वरला जाते. तिथला जलाशय जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला. त्याच्या खाली कालव्यांचे शेतकरी आहेत आणि त्यांच्याही खाली जायकवाडी धरण. वरच्या आणि खालच्या खोऱ्यांत समन्यायी पाणीवाटपावरून किती वाद झाले, हे नाशिक, नगर आणि मराठवाडा तिन्ही जाणतात. सांडपाणी म्हणजे कोणाचेच नसलेले पाणी, असे समजून वळवले तर तोच वाद नव्या जागी उभा राहील. म्हणून खालच्यांचा वाटा ठरवून, लेखी देऊन मगच एखादी वाहिनी टाकावी.

पुढचा क्रम माझ्या मते स्पष्ट आहे. कारखान्यांचे पाणी घरगुती गटारांतून पूर्णपणे वेगळे करावे. हे झाल्याशिवाय भूजलभरणाचा विचारही करू नये. केंद्रे नव्या मर्यादेवर आणावीत आणि नत्र काढण्याची सोय करावी. ज्या गावात पाणी मुरवायचे तिथे पिण्याच्या पाण्याची स्वतंत्र योजना आधी चालू असावी. मातीची आणि मुरमाची जाडी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून तपासून, जिथे ती चांगली आहे असाच एखादा पाझर तलाव प्रथम निवडावा. तलाव भरणे आणि कोरडा ठेवणे यांची पाळी पाळावी. खालच्या अंगाच्या विहिरींत नायट्रेट, क्षार, क्रोमियम आणि जंतू यांची तपासणी सलग काही वर्षे व्हावी आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. एक तलाव निर्दोष चालला तर दुसरा घ्यावा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये. पावसाचे पाणी गाळून बोअरमध्ये सोडण्याची पद्धत आपल्याकडे रुजली आहे आणि ती चांगलीही आहे. तिच्या धर्तीवर सांडपाणी, कितीही शुद्ध केलेले असो, बोअरमध्ये सोडू नये. बोअर माती आणि मुरूम दोन्ही टाळून पाणी थेट खोल भेगेत नेते. तिथे सूर्यप्रकाश नाही, हवा नाही, जिवाणूंचे काम अतिशय मंद. नदी घाण झाली तर एका चांगल्या पावसाळ्यात पुष्कळशी धुऊन निघते. खडकाच्या भेगेत गेलेले क्रोमियम बाहेर काढायला पिढ्या जातात.

आपल्या हातातले काम

हे सगळे मोठ्या यंत्रणांचे काम आहे असे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. शहरातल्या वाचकाने आपल्या केंद्रातून रोज बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी महापालिकेने जाहीर करावा, अशी मागणी करावी. उरलेली औषधे संडासात टाकू नयेत. गोदाकाठच्या आणि कालव्याकाठच्या वाचकाने आपल्या विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुमारास, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. नायट्रेट, क्षार आणि जंतू एवढ्या तीन चाचण्यांपासून सुरुवात केली तरी चालेल. अहवाल जपून ठेवावेत आणि ग्रामसभेत वाचावेत. दहा वर्षांचे असे अहवाल हाती असलेल्या गावाला पुढे कोणत्याही प्रकल्पावर अधिकाराने बोलता येईल. नाशिकचे पाणी तुमच्या विहिरीत येतच आहे. ते कसे यावे हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे, आणि तो बजावण्याची सुरुवात या मे महिन्यातल्या पाण्याच्या एका बाटलीपासून करा.